गवती चहाची अकरा बेटं

"वन्सं, ते म्हणतात सोमवारी सिमेंट येतंय."

मेलेनाइते परसाच्या कडेला थांबली होती. लग्न होऊन या घरात आल्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण नणंदेच्या चहाच्या वाफ्यात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकू दिलंच नव्हतं कुणी.

तोकिलुपे पाठ करून गवती चहा कापत होती. बुडाशी पांढऱ्या भागावर चार बोटं सोडायची आणि मग विळा लावायचा. त्याच्याखाली कापलं की बेट रुसतं. पात्यांनी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते, पण ते आता तिला दिसतही नसत.

"कोण म्हणतं?"

"तुमचा भाऊ."

"माझा भाऊ त्या खिडकीमागे उभा आहे. खोकतोय, मला ऐकू येतंय. त्याला सांग, सोमवार लांब आहे. आधी शुक्रवार येतो."

"शुक्रवारी लग्न आहे."

"तेच म्हणते मी. तुझ्या पोरीचं लग्न आहे, आणि लग्नात मी फाहू आहे. सगळ्यांच्या वर बसेन. मागेन ते द्यावं लागेल." तिने जुडी बांधली, पात्यानेच गाठ मारली. "चटया मागणार नाही. डुक्कर मागणार नाही. हा तुकडा मागेन. बारा पावलं लांब, सात पावलं रुंद. त्याच्यावर सिमेंट पडायचं नाही, एवढंच."

"इथे इलाइसानेचं घर व्हायचंय, वन्सं."

"पुढे आठ पट जागा पडली आहे."

"पुढे ते गाडी लावतात."

तोकिलुपे हसली. "गाडीला दारात जागा आणि आईच्या चहाला नाही. सांग त्याला, मी असं म्हटलं."

मेलेनाइतेला सांगायची गरज नव्हती. खिडकी सहा हातांवर होती.

या देशात बहीण भावाच्या वर असते. भावाच्या पोरांच्या तर इतकी वर, की त्यांच्या लग्नात आत्याने बोट दाखवलं ती वस्तू तिची. जमीन मात्र भावाची. बाप मेला की मुलाच्या नावावर चढते. छप्पन्न वर्षांची बिनलग्नाची बहीण तिथे राहते ती भावाच्या मर्जीवर. बाईला डोक्यावर बसवायचं आणि तिच्या पायाखाली वीतभर माती ठेवायची नाही, ही युक्ती ज्या कुणाला सुचली तो पुरुष असणार, एवढं नक्की.

*

मोसेसे खिडकीतून बाजूला झाला. बहिणीशी तो शेवटचं वाक्य बोलला ते आईला पुरलं त्या दिवशी. "दोरी सोड," असं म्हणाला होता. बारा वर्षांचा झाल्यावर त्याला वेगळ्या झोपडीत झोपायला धाडलं, तेव्हापासून बहिणीसोबत एका खोलीत बसणं नाही, थट्टा नाही, वाद तर नाहीच. अदब म्हणतात तिला. अदबीमुळे भांडण होत नाही. भांडण होत नाही म्हणून मिटतही नाही.

एक गोष्ट मात्र चालू होती. रोज पहाटे ती मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर किटली ठेवून जायची. गवती चहा, वर पुदिन्याची चार पानं. तो प्यायचा, किटली घासायचा आणि कट्ट्यावर पालथी घालायचा. ऑकलंडच्या बर्फखान्यात बावीस वर्षं मासे उचलून पाठ मोडून घेऊन तो परत आला, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून किटली होती. ये म्हणून नाही, कसा आहेस म्हणून नाही. नुसती किटली.

"मोठ्या आत्याला आणतो," तो बायकोला म्हणाला.

"कुणाला?"

"उहेइना आत्याला. बापाच्या बहिणीला."

"जिवंत आहेत त्या?"

"तोंड सांभाळ."

"खरंच विचारते. मागच्या वर्षी मी त्यांच्यासाठी रडले होते चर्चमध्ये."

"ती दुसरी. ही खाडीपलीकडची. ही वरच्या जागी बसली की..." तो थांबला. स्वतःच्या तोंडून ते ऐकायला त्याला नको होतं.

"की वन्संना खाली बसावं लागेल," मेलेनाइतेने पुरं केलं. "कारण उहेइना आत्या त्यांचीही आत्या. वन्सं तुमच्या पोरीच्या वर आणि ती म्हातारी वन्संच्या वर. बरे नियम आठवतात तुम्हाला. ऑकलंडला बावीस वर्षं एकही आठवला नाही."

"दोन मुलगे गेले," मोसेसे म्हणाला. "ब्रिस्बेनला गेले आणि आता फोनमध्ये राहतात. ही पोरगीपण जाईल. तिचा होणारा नवरा काल विचारत होता, घर कधी होतंय? का विचारत होता, कळतंय ना तुला? मी माझ्या पोरीसाठी चार भिंती उभ्या करतोय, आणि मला गवत अडवतंय."

"गवत म्हणू नका. रोज पिता."

त्याने गाडीची किल्ली घेतली आणि खाडीपलीकडे गेला.

*

उहेइना गुरुवारी आली. ब्याऐंशी वर्षांची, हाडं मोजून घ्यावीत अशी, पण आवाज ढोलासारखा. घरातली एकुलती बरी खुर्ची तिने न विचारता घेतली.

"चहा आण ग."

तोकिलुपेने गुडघ्यांवर चालत जाऊन कप पुढे ठेवला. म्हातारीने एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडातच ठेवला.

"हा कुठला?"

"आपलाच, आत्या. दर आठवड्याला जुडी पाठवते तो."

"जुडीला ही चव नसते."

"येईपर्यंत वाळते ती. हा आत्ता कापलेला."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तोकिलुपेने मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं.

"उद्या तुम्ही वर बसाल. बसा, तुमचा मान आहे. पण माझ्यासाठी मागा. तो मागचा तुकडा. तुम्हाला नाही म्हणायची मोसेसेची टाप नाही."

"तूच का नाही मागत?"

"मी खाली असेन ना."

म्हातारीच्या तोंडाचा कोपरा हलला. "खरंच की. चल, दाखव मला."

आणि तोकिलुपेने दाखवलं. इथेच ती चुकली. म्हातारी काठी टेकत एकेका बेटापाशी थांबली, मोजलं, "अकरा," म्हणाली आणि विचारायला लागली. हे एवढं दाट कसं? तर तिसऱ्या वर्षी खणून फोडायचं, आत्या, नवं लावायचं, पावसाच्या आधी. आणि पुदिना त्या अर्ध्या पिंपात का? मोकळा सोडला तर सगळीकडे घुसतो म्हणून. त्याला फणसाची सावली लागते, मोरीचं पाणी चालतं, साबणाचं तेवढं नाही. बुडाशी हे काय? नारळाच्या शेंड्या, ओल धरून ठेवतात. वाळली पाती रोज हाताने ओढायची. अमावास्येला कापायचं नाही असं आई म्हणायची, मी कापते, काही होत नाही.

तासभर ती बोलत होती. दहा वर्षांत बोलली नव्हती इतकं बोलली. वाफ्याबद्दल तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. गावातल्या एकोणीस घरच्या बायका रोज पहाटे जुडी न्यायला येत, दोन गोष्टी सांगत आणि जात. विचारलं नव्हतं कुणी.

"बरं," उहेइना म्हणाली. "बघते मी."

तोकिलुपेने तिचा हात धरून गालाला लावला.

*

इलाइसानेला श्वास घेता येत नव्हता. तीन चटया कमरेला गुंडाळलेल्या, त्यांच्यावर झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड, त्यावर खोबरेल ओतलेलं. नवऱ्याचीही तीच गत होती. मांडवात वर मोठी आत्या उहेइना बसली होती आणि तोकिलुपे आत्या खाली, बायकांच्या तिसऱ्या रांगेत.

लहानपणी तापात हिनेच चमच्याचमच्याने चहा पाजला होता. परवा इलाइसाने तिच्याकडे गेली होती, "माग तू, आत्या, मला राग नाही," असंही म्हणाली होती. नंतर नवऱ्याने विचारलं, मग आपण राहायचं कुठे, तुझ्या बापाच्या गाडीत? तेव्हापासून ती परसात फिरकली नव्हती. आता आत्याला खाली बसलेलं पाहून तिला हायसं वाटलं. लाजही वाटली, पण हायसं आधी वाटलं.

जेवणं झाली. मोसेसेच्या वतीने बोलणारा म्हातारा उभा राहिला, चटया उलगडल्या गेल्या, भाजलेलं अख्खं डुक्कर पुढे आलं, केकचा वरचा थर आला.

"चटया नकोत," उहेइना म्हणाली. "घरभर आहेत माझ्या. उंदीर खातात."

मांडव हसला.

"मला ती मागची चहाची बेटं द्या."

तोकिलुपे आत्याची मान वर आली. इतका उघडा चेहरा इलाइसानेने तिचा कधी पाहिला नव्हता. घर गेलं, तिच्या मनात आलं. गेलं आपलं घर.

"अकराच्या अकरा," म्हातारी पुढे बोलली. "आणि ते पुदिन्याचं पिंप. मुळासकट. उद्या माझ्या नातवाचा ट्रक येईल. जागा मला नको, मोसेसे. जागेवर तू काय बांधायचं ते बांध."

"दिली," मोसेसे म्हणाला. बोलणारा म्हातारा अजून तोंड उघडत होता, त्याच्या आधी. इतकी घाई बरी दिसत नाही, हे त्याला म्हटल्यावर कळलं.

"त्याचं मूळ माझ्या आईच्या दारातलं," उहेइनाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "यांच्या आईने नेलं. घरचं घरी जाऊ दे."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "आईने ते वावाऊहून आणलं होतं. बोटीतून. ओल्या पोत्यात."

आत्यासमोर असं उलटून बोलत नाहीत. पंखे हलवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"तुझी आई," उहेइना शांतपणे म्हणाली, "खोटं बोलायची. माझ्या भावालाही तिने असंच नेलं." मग काठीने तोकिलुपेकडे दाखवलं. "खणून तीच देईल. तिच्याइतकं कुणाला जमत नाही. काल सगळं समजावून सांगितलंय तिने मला."

तोकिलुपेने नवरीकडे पाहिलं. नवरीने आत्ता तोंड उघडलं असतं तर? एवढा एकच दिवस असतो, ज्या दिवशी तिला कुणी गप्प बस म्हणणार नसतं. इलाइसाने केकच्या कडेची साखर नखाने खरवडत राहिली.

*

शनिवारी सकाळी मेलेनाइते पहार घेऊन वाफ्यात शिरली. कुणी अडवलं नाही.

"कशाला आलीस?"

"एकट्याने उचलायचं नाही ते."

"तुझ्या नवऱ्याला पाठव."

"ते आजारी आहेत."

"काय झालंय?"

"जिंकलेत," मेलेनाइते म्हणाली.

तोकिलुपे हसली नाही, पण पहारीचं दुसरं टोक तिला धरू दिलं. पहिलं बेट आईचं. दोघींनी ते उचललं तेव्हा खालून ओल्या मातीचा आणि लिंबाचा असा वास आला की मेलेनाइतेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिला स्वतःचा राग आला. वास घ्यायला अठ्ठावीस वर्षं होती.

तोकिलुपेने बेट आडवं केलं. कडेचे पांढरे, लठ्ठ फुटवे एकेक करून मुळांसकट मोडून काढले आणि ओल्या पोत्यात टाकले. मधला गड्डा उरला, टोपलीएवढा, जड, करडा. त्याच्याभोवती तिने लांब हिरवी पाती खोचली आणि दोरीने आवळून बांधलं. दिसायला झकास दिसत होतं.

दुसरं तसंच. तिसरं तसंच.

चौथ्याला मेलेनाइतेने विचारलं, "वन्सं, त्या मधल्यात जीव असतो?"

"तुला काय वाटतं?"

"मला त्यातलं काही कळत नाही."

"तिलाही कळत नाही. खणा म्हणून सांगितलं होतं मी, फोडा म्हणून सांगितलं होतं. कुठला भाग लावायचा ते सांगायचं राहिलं. तिने विचारलं नाही."

मेलेनाइतेने दाराकडे पाहिलं. घरात जाऊन एक शब्द बोलली असती तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. तिला स्वतःच्या भावाचं घर आठवलं. भाच्याच्या लग्नात तिने फ्रिज मागितला होता, त्यांनी हसत दिला होता. वहिनीचं हसणं ती आजवर खरं समजत होती.

तिने पुढची दोरी उचलली. "घट्ट बांधते. वाटेत सुटायला नको."

"पुदिना आहे तसा जाऊ दे," तोकिलुपे म्हणाली. "तो कुणाच्याही दारात जगतो. त्याला काही वाटत नाही."

ट्रक भरला. उहेइना पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, काचेतून तिने मागे नजर टाकली.

"नीट दिलंस ना सगळं?"

"हो, आत्या. मोठे मोठे गड्डे दिलेत."

"रागावली नाहीस ना?"

"तुमच्यावर रागवायची परवानगी आहे का मला?"

म्हातारी खूश होऊन हसली. तिला ते अदबीचं वाटलं.

उन्हं कलल्यावर तोकिलुपे पोतं खांद्यावर घेऊन गावात निघाली. एकोणीस घरं. प्रत्येक दारात तिने चार-चार फुटवे ठेवले.

"आज जुडी तू आणून दिलीस?" पहिल्याच दारातली बाई म्हणाली. "पाय दुखतात ना तुझे?"

"जुडी नाही. लावायचंय ते. पाती वीतभर ठेवून छाट, मुळांना ओझं होतं. वर्षभर कापू नकोस. उद्या रविवार, देवाचा दिवस, माती उकरता यायची नाही, आत्ताच लाव."

"आणि तू कुठे लावणार?"

"कुणाच्या जागेत लावू?"

बाईने फुटवे उचलून घेतले. माझ्या परसात लाव असं एकोणीसपैकी एकही बाई म्हणाली नाही, कारण परसं त्यांचीही नव्हती.

शेवटचे चार फुटवे उरले तेव्हा मेलेनाइते आपल्या दारात वाट पाहत होती. हाताला अजून माती होती. तिने तो हात पुढे केला.

तोकिलुपेने पाहिलं, आणि पोत्याचं तोंड मुठीत धरलं.

"तुला नाही."

"मी तुमच्याबरोबर खणलं, वन्सं. गप्प राहिले."

"राहिलीस. पण हे दार तुझं कुठे आहे? माझ्या भावाचं आहे."

ते चार तिने समोरच्या घरी दिले. त्यांच्याकडे आधीच चार होते.

*

सोमवारी सात वाजता सिमेंटची गाडी आली. परसात अकरा खड्डे होते, गावच्या पोरांनी ते शनिवारी संध्याकाळीच रेतीने बुजवून वर सळया अंथरल्या होत्या. मोसेसे मागच्या खिडकीशी आला. काल किटली आली नव्हती, आजही आलेली नसणार, हे त्याने रात्रीच स्वतःला समजावलं होतं.

किटली होती.

वाफ येत होती. बहीण शेवटी बहीण, असं काहीसं त्याच्या मनात आलं. त्याने कप भरला आणि ओठांना लावला. वास आला नाही. सर्दी झाली असेल म्हणून त्याने नाक शिंकरलं, पुन्हा हुंगलं, एक घोट घेतला. मग झाकण उघडून आत पाहिलं.

पाणी होतं. उकळलेलं, स्वच्छ, तळ दिसणारं पाणी.

सळयांच्या पलीकडे, तिच्या झोपडीच्या पायरीवर, तोकिलुपे पाठ करून बसली होती. वीस पावलं असतील मधे. हे काय म्हणून त्याला विचारता येत नव्हतं. चुकलं म्हणूनही म्हणता येत नव्हतं. त्यासाठी बायकोला पाठवावं लागलं असतं, आणि बायको शनिवारपासून त्याच्याशी बोलत नव्हती.

"मालक," गाडीवाला ओरडला, "सुरू करू का? घट्ट होतंय."

मोसेसेने हात वर केला. सिमेंट पडायला लागलं. तो आवाज थांबेपर्यंत तो खिडकीशी उभा राहून कपामागून कप पीत राहिला. किटली रिकामी झाली तेव्हा त्याने ती घासली आणि रोजच्यासारखी कट्ट्यावर पालथी घातली.